शाळेची गोडी

निपाणी
१२ जून २०२४

चि. पारमिता हिला तानीआत्याचा जयभीम.

पत्र बघून घाबरू नको, सगळं बरं हाय. फोनवर बोलायला गेलं की मनातलं तोंडात येत न्हाय, म्हणून कागद घेतला. सातवी झाल्यापास्नं सही सोडली तर मी कायबी लिहिलेलं न्हाय. हे एवढं लिहायला दोन दिवस लागले.

मला लिहायचंय गं. माझंच. विड्या वळायचं सोडून दहा वर्सं झाली, पण बोटं रिकामी बसत न्हाईत. महिन्यामागं दुकानातनं वही आणली. रोज उघडते, 'माझा जन्म' एवढं लिहिते आणि पान फाडते. मग भाजी करपते, न्हायतर शेजारची जयाबाई हाक मारते, की दिवस गेला. सात पानं फाडली आतापातूर.

तू कॉलेजात मराठी शिकवतीस, लिहायचं कसं त्याचे वर्ग घेतीस, पेपरात तुझी गोष्ट आलती. तर मला सांग, रोज कसं लिहायचं? मन लागत न्हाय तवा काय करायचं? फोन करू नको, लिहून पाठीव. म्हंजे परत परत वाचता येईल.

तुझी,
तानीआत्या


बेळगाव
२० जून २०२४

प्रिय आत्या,
जयभीम.

तुझं पत्र आलं आणि मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे म्हणाले, काय गोड आहे गं तुझी आत्या!

आता ऐक. जन्मापासून सुरू करायचं नाही. जन्म कुणाला आठवतो? जे डोळ्यांसमोर लख्ख दिसतंय तिथून सुरू कर, मधलं असो नाहीतर शेवटचं. मन लागायची वाट बघू नकोस. विड्या वळताना कधी मन लागायची वाट बघितलीस? तसंच हे. एक वेळ ठरव, एक जागा ठरव, आणि रोज एक पान. जास्त सुचलं तरी एकच, म्हणजे दुसऱ्या दिवशी ओढ राहते. आणि उठताना शेवटचं वाक्य अर्धं सोड. उद्या ते पुरं करायच्या निमित्तानं हात चालू होतो.

पानं फाडायची नाहीत. वही भरेपर्यंत मागचं वाचायचंसुद्धा नाही. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी सोड, ते माझ्याकडे लागलं. आणि लिहिताना एकच माणूस समोर बसलंय, त्याला सांगतेय, असं धर.

वही भरली की माझ्याकडे पाठव. मी वाचीन, टाईप करून घेईन.

तुझी,
पारमिता


निपाणी
८ ऑगस्ट २०२४

पारमिता,

पयली वही भरली! जयाबाई लेकीकडं बेळगावला निघालीय, तिच्या हातानं पाठवते.

तुझं पत्र मी पाटाखाली ठेवलंय. सकाळी भांडी झाली की पाटावर बसते. अर्धं वाक्य सोडायचं तू लिहिलंस ते वाचून मला हसूच आलं. अगं, आमी विड्यांची पानं आदल्या रातीला भिजवून ठेवायचो. भिजवायचं राहिलं की सकाळी पान वाळकं, कात्री लावली की फुटायचं, सगळा दिवस वाया. वाक्याचंबी तसंच दिसतंय. ओलं ठेवून उठायचं.

एक पान लई कमी वाटतं, पण तू म्हणलीस म्हणून एकच. एकदा चुकून दोन झाली. माफ कर.

एक माणूस समोर धर म्हणलीस. मी तुलाच धरलंय. तू नवीन साडी नेसून टेबलापाशी बसलीयस आणि मी सांगतेय, असं. वाचून कळीव. वाईट असलं तर वाईट म्हण.

तुझी,
आत्या


बेळगाव
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

वही मिळाली. सुरुवात तर जबरदस्त झालीय! किती सहज लिहितेस. बाकीचं वाचतेय, पण तू थांबू नकोस.

मध्ये कधी कोरडं वाटेल. सगळ्यांना वाटतं. तेव्हा मोठं काही लिहायला जायचं नाही. एक वास, एक आवाज, कुणाची एक सवय, एवढंच लिहायचं. माणसं जशी बोलली तशी त्यांची बोली ठेव, पुस्तकी करू नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, लिहिताना कुणाला काय वाटेल याचा विचार करायचा नाही. तो विचार आला की हात थांबतो. आधी लिहायचं, बाकीचं नंतर बघू.

दुसऱ्या वहीची वाट बघते.

तुझी,
पारमिता


निपाणी
१८ नोव्हेंबर २०२४

पारमिता,

दुसरी वही दसऱ्याला मिळाली असंल. ही तिसरी. पयल्या दोन्ही वाचून तू जास्त काय लिहिलं न्हाईस. कॉलेजचं काम लई असणार, मला कळतंय.

आता एक काम कर. या तिसऱ्या वहीत मधी एक पान दुमडलेलं हाय. कुणाला काय वाटंल याचा विचार करू नको म्हणलीस, म्हणून लिहून टाकलं. पण लिहिल्यावर झोप येईना. त्या पानावर तुला एक इचारलंय. इथं पत्रात मांडायचा धीर होत न्हाय.

ते वाच, आणि नुसतं व्हय का न्हाय एवढं कळीव. न्हाय म्हणलीस तर ते पान चुलीत घालीन, राग धरणार न्हाय. तुझं मन मोडून मला लिहायचं न्हाय.

तुझी,
आत्या


बेळगाव
३ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला. परीक्षा, पेपर तपासणी, त्यात कॉलेजच्या तपासणीला बाहेरची समिती आलेली. जेवायला फुरसत नव्हती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर होय. मनापासून होय, आत्या. एकही पान चुलीत जाता कामा नये. तुझं आयुष्य तू लिहितेयस, त्याला कुणाची परवानगी कशाला? मला त्यातलं काहीही खटकलेलं नाही. उलट अभिमान वाटला.

लिहीत राहा.

तुझी,
पारमिता


निपाणी
१२ डिसेंबर २०२४

माझ्या लेकरा,

एकदा व्हय म्हणलं असतंस तरी पुरलं असतं. तू दोनदा लिहिलंस, वर अभिमान म्हणलीस.

मी त्या दिवशी एकटीच्या जेवणाला शेंगाच्या पोळ्या केल्या. जयाबाई म्हणली, "काय गं तानीबाई, आज कसला सण?" मी म्हणलं, "हाय एक." चार पोळ्या तिला दिल्या. तिला काय सांगू? माझ्या भावाच्या लेकीनं मला खरं मानलं, हे सांगून कळणार हाय का कुणाला?

एकोणीस जानेवारीला तुझ्या अप्पाचा स्मृतिदिन. विहारात दरवर्सी चार माणसं बोलतात. आवंदा मी ते पान वाचणार हाय. जिथं बोललं गेलं तिथंच ते वाचलं पाहिजे, असं मला वाटतं. तू व्हय म्हणलीस म्हणून एवढा धीर.

तू येशील न्हवं? तू समोर असलीस की आवाज कापणार न्हाय.

तुझी,
आत्या


निपाणी
२३ जानेवारी २०२५

पारमिता,

तू आली न्हाईस. कॉलेजात कार्यक्रम हाय असा तुझा निरोप मिळाला.

मी वाचलं. वाचायच्या आधी म्हणलं, "हे भीमरत्नच्या लेकीनं वाचलंय, तिनं व्हय म्हणलंय, म्हणून मी उभी हाय." पयल्या दोन ओळींना आवाज कापला, मग न्हाय कापला. वाचून झाल्यावर तुझी आई उठून बाहेर गेली.

संध्याकाळी तुझा भाऊ दीपंकर आला. आत बस म्हणलं, बसला न्हाय. उंबऱ्यातनंच म्हणाला, "आत्या, अप्पांच्या फोटोपुढं उभं राहून अप्पांना खोटं पाडलंस."

मी म्हणलं, "त्यात खोटं काय हाय ते सांग."

"आणि वर पारमिताचं नाव घेतलंस. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, अण्णा, मी ती वही उघडलीच नाही. आत्याला बरं वाटावं म्हणून होय लिहिलं."

मी त्याला म्हणलं, "परत सांग." त्यानं परत सांगितलं. त्याचाबी आवाज खाली आला तवर. मग तो गेला.

खरं का खोटं, एवढंच कळीव.

तानीबाई


बेळगाव
२७ जानेवारी २०२५

आत्या,

खरं आहे.

मी हे फोनवर सांगू शकले असते, पण तू लिहून विचारलंस, म्हणून लिहूनच सांगते. अण्णाचा फोन आला तेव्हा तो ओरडत होता, "तू असल्याला परवानगी दिलीस?" आणि मला पहिल्यांदा काय सुचलं, तर स्वतःला वाचवायचं. मी म्हणाले, मी उघडलीच नाही. त्याला खरं सांगितलं, तेही माझ्या सोयीसाठी. तुला मात्र पाच महिने खोटं लिहीत होते.

वह्या माझ्या कपाटात होत्या. पहिली मी उघडली होती, आत्या. चार पानं वाचली. आजी पानं भिजवतेय आणि तू तिच्या मांडीवरचं सूप धरून बसलीयस, ते. वाचलं आणि वही मिटली. का मिटली ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गेली आठ वर्षं मी एक कादंबरी लिहितेय असं सगळ्यांना सांगते. तिची चाळीस पानं झालीत, आणि ती चाळीस पानं पाच वर्षांपूर्वीची आहेत. रोज एक पान, वेळ ठरव, वाक्य अर्धं सोड, हे सगळं मी वर्गात शिकवते. मी स्वतः त्यातलं काही करत नाही. आणि तू, सातवी शिकलेली, माझं पत्र पाटाखाली ठेवून दीड महिन्यात वही भरून पाठवलीस. ती चार पानं चांगली होती. माझ्यापेक्षा चांगली होती. मला ते सोसलं नाही. म्हणून पुढची वही आली तशी मी न उघडता आत ठेवत गेले आणि तुला 'लिहीत राहा' असं कळवत गेले.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं, पोळ्यांचं. तेव्हा कळलं की मी कशाला तरी मोठ्या गोष्टीला होय म्हणून बसलेय. तिसरी वही बाहेर काढली, दुमडलेलं पान बोटाला लागलं, आणि मी घाबरून परत ठेवली. एकोणीस तारखेला कॉलेजात कसलाही कार्यक्रम नव्हता.

काल ते पान वाचलं. आत्ता इथं उतरवून काढतेय, कारण ते माझ्या हातानं एकदा लिहिलं जायला हवं:

'भीमा बेळगावला मास्तरकीच्या ट्रेनिंगला निघाला तवा मला म्हणला, आक्का, तू वळलेल्या विड्यांवर मी शिकतोय. नोकरी लागू दे, तुला पुस्तकं आणतो, बाहेरनं मॅट्रिकला बस. नोकरी लागली. मी म्हणलं, आता माझं बघ. तो हसला. म्हणला, आता लग्नाचं बघायचं का शाळेचं? मला सदलग्याला दिली. नवरा वारल्यावर परत आले, परत विड्या वळल्या. ते सगळं मी सोसलं. पण विहारात त्याच्या रिटायरच्या सत्काराला मी पयल्या रांगेत बसलेते, आणि तो माईकवर म्हणला, माझ्या आक्काला शाळेची गोडी नव्हती, म्हणून तिच्या वाटणीचं मी शिकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या. पारमिता, हे मी लिहू का? तो तुझा बाप हाय.'

आत्या, अप्पा गेल्यावर वर्षाला जी स्मरणिका काढली, तिच्यात माझा लेख आहे. त्यात मीही लिहिलंय, 'माझ्या आत्याला शाळेची गोडी नव्हती.' अप्पांच्या तोंडून ऐकलं होतं, वाक्य चांगलं वाटलं, ठेवून दिलं. तू दोन गल्ल्या पलीकडे राहायचीस. तुला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही.

मला माफ करशील का, हे विचारायचा हक्क नाही. तरी विचारते.

पारमिता


बेळगाव
२० फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुझं उत्तर नाही. येईल अशी अपेक्षाही धरू नये, हे कळतं.

तिन्ही वह्या वाचल्या. दोनदा. रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की एक तास टाईप करते. दुसरी वही अर्धी झालीय. ऱ्हस्व-दीर्घ सोडून कशालाही हात लावलेला नाही.

आणखी एक केलं, ते तुला माझ्याकडूनच कळावं. गेल्या रविवारी निपाणीला येऊन गेले. तुझ्या दाराशी आले होते, पण कडी वाजवायचं धाडस झालं नाही. स्मरणिकेच्या उरलेल्या प्रती आपल्या घरी माळ्यावर आहेत. त्यात चिकटवायला मी चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या. त्यावर एवढंच आहे: 'माझ्या लेखातलं आत्याबद्दलचं वाक्य खोटं आहे. तिला शाळेची गोडी होती. ती सातवी पहिल्या वर्गात पास झाली होती. तिला पुढं शिकवलं नाही. पारमिता.'

अण्णानं वाचल्या आणि टेबलावर टाकल्या. म्हणाला, "बाप मेल्यावर त्याला दुरुस्त करणार तुम्ही?" मी म्हणाले, "अप्पांना नाही अण्णा, मला दुरुस्त करतेय." आई स्वयंपाकघरात होती, बाहेर आली नाही. चिठ्ठ्या तिथंच ठेवून मी संध्याकाळच्या बसनं परतले. ज्यांच्या घरी प्रती गेल्यात त्यांना मात्र पोस्टानं पाठवतेय. पत्ते मिळतील तसे.

पारमिता


निपाणी
१६ मार्च २०२५

पारमिता,

तू दाराशी आलेलीस ते मला म्हाईत हाय. खिडकीतनं बघितलं. कडी वाजवली असतीस तर उघडली असती का न्हाय, ते सांगता येत न्हाय.

स्मरणिकेतलं तुझं वाक्य मी तवाच वाचलेलं. ते वाचूनच मला लिहावं वाटायला लागलं. भीमा बोलला ते हवेत गेलं, पण तू छापलंस. छापलेलं ऱ्हातं. म्हणलं, आपुनबी कुठंतरी लिहून ठेवावं. लिहायचं कसं ते तुलाच इचारलं, दुसरं कोण हुतं मला?

दीपंकर येऊन गेल्यावर पावणेदोन महिने मी वहीला हात लावला न्हाय. पाटावर बसलं की तुझं एकेक सांगणं आठवायचं आणि अंगाची लाही व्हायची. पण तू शिकवलेलं खोटं न्हवतं. ते मला लागू पडलं. तुझ्या खोटेपणावर राग काढायला मी माझं लिहिणं कशाला बंद करू? परवाधरनं परत बसतेय. आता समोर कोणबी बसलेलं धरत न्हाय. जमतंय.

आता ज्यासाठी पत्र घेतलं ते सांगते. गेल्या मंगळवारी तुझी आई आली. विहारातनं उठून गेल्यापास्नं ती माझ्याशी बोलली न्हवती. हातात तुझ्या चिठ्ठ्या. म्हणली, "वन्सं, मैद्याची खळ केलीय. माझ्या एकटीच्यानं हुईत न्हाय. चला."

गेले. माळ्यावरनं पुस्तकं काढलेली, चटईवर मांडलेली. ती पान उघडायची, मी चिठ्ठी चिकटवायची. दीपंकर येऊन बघून गेला, अडवलं न्हाय. अजून माझ्याशी बोलत न्हाय तो. पाचपंचवीस पुस्तकं झाल्यावर तुझी आई खाली बघूनच म्हणली, "सत्काराच्या दिवशी घरी येऊन ते जेवले न्हाईत. म्हणले, आक्का समोर बसली हुती आणि माझ्या तोंडातनं तसं निघून गेलं."

मी म्हणलं, "मग मला येऊन सांगितलं का न्हाय?"

"दर आठवड्याला म्हणायचे, उद्या आक्काकडं जातो."

सत्कारापास्नं मरेपातूर सहा वर्सं हुती गं त्याच्याकडं, आणि वाट दोन गल्ल्यांची. मला वाटलं हुतं, त्याला वाईट वाटलं असं कधी कळलं तर जीव निवंल. न्हाय निवला. उलट त्या दिवशी जास्त रडले. तुझ्या आईनं खळीच्या हातानंच माझा हात धरला. मग उरलेली पुस्तकं केली.

माफ केलं का इचारलंस. तू तुझ्या बापावर गेलीस. त्याच्यागत गोड बोललीस आणि त्याच्यागत तोंड चुकवलंस. पण मी इचारल्यावर तू चार दिवसांत लिहून कळवलंस, सगळं, तुझ्या कादंबरीचंबी. त्याला ते सहा वर्सांत जमलं न्हाय. एवढा फरक मी धरते. त्याच्या पुढचं अजून माझ्यानं हुईत न्हाय.

चौथी वही अर्धी झालीय. ती पाठवणार न्हाय. वाचायची असली तर इथं ये आणि माझ्यासमोर बसून मोठ्यानं वाच. तुझी आई पण येणार हाय ऐकायला.

आत्या